गर्दच्या व्यसनावरची गोळी, पोलीस आणि तुरुंग: ठाणे जिल्ह्यातल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मुरबाड, शहापूरच्या गावांतून, कल्याण-भिवंडीच्या चाळींतून आणि नवी मुंबईच्या गावठाणांतून जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ब्राउन शुगरसारख्या नशेवर औषधाने उपचार होतो. तो चालू असताना माणूस पोलीस, कोर्ट, तुरुंग या चक्रात सापडला तर पुढे काय, याबद्दल हे पान आहे. आमचं मत आधीच सांगतो. चालू असलेला उपचार लॉक-अपच्या दारात तुटता कामा नये. तो तुटतो तेव्हा त्यामागे कायदा कमी आणि आपल्याच माणसांच्या समजुती जास्त असतात. कलमं समजण्यापुरती दिली आहेत. तुमच्या केसबद्दल वकिलांशी बोलाच.

१. ही गोळी म्हणजे नक्की काय? नशेच्या जागी दुसरी नशाच देतात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. गोळीचं नाव बुप्रेनॉर्फिन. ती जिभेखाली ठेवून विरघळवायची असते. मेंदूत हेरॉइन ज्या जागी जाऊन बसतं तिथेच ही बसते, पण तिचा परिणाम एका पातळीच्या पुढे वाढत नाही. बरोबर मात्रेत घेतली की झिंग येत नाही, टर्की (नशा तुटल्यावर होणारा शारीरिक त्रास) लागत नाही, तलफ उतरते आणि परिणाम साधारण दिवसभर टिकतो. काही ठिकाणी मेथाडोन नावाचं पातळ औषध देतात, तेही याच गटातलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

शरीराला या गोळीची सवय होते, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण गोळी घेणारा माणूस सकाळी उठून कामावर जातो, पगार घरी आणतो, पुडीसाठी आईचं मंगळसूत्र गहाण टाकत नाही. घरच्यांनी हा फरक बघावा.

२. आमचा मुलगा एमडी घेतो. त्याला ही गोळी सुरू करता येईल का?

नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक आहे आणि अफूच्या गटात येत नाही. ठाणे-नवी मुंबईत सध्या एमडीबद्दलचे फोन खूप येतात, म्हणून स्पष्ट सांगतो: एमडी, गांजा, दारू किंवा ‘बटण’ (झोपेच्या गोळ्या) यांवर ही गोळी चालत नाही. ब्राउन शुगर, हेरॉइन, अफू, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, या व्यसनांसाठी ती आहे. मुलगा दोन्ही घेत असेल तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. गोळीवर असताना दारू किंवा बटण घेतलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

३. किती दिवस घ्यायची? आमच्या ओळखीच्यांचं एकवीस दिवसांत सुटलं म्हणतात.

पंधरा-एकवीस दिवसांत शरीरातली नशा उतरते, टर्की संपते. त्याला डिटॉक्स म्हणतात. त्यानंतर औषध पूर्ण बंद केलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा घसरतात. हा अनुभव जगभरचा आहे. म्हणून गोळी महिनोन् महिने, अनेकदा वर्षानुवर्षं चालते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होते. ‘कधी बंद होणार?’ असं दर आठवड्याला घरात विचारू नका. त्या प्रश्नाच्या दबावाखाली मुलं स्वतःच गोळी सोडून देतात, आणि घरी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

४. गोळी मिळते कुठे? रोज जावं लागतं का?

नेहमीच्या मेडिकलवर मिळत नाही. सरकारी मार्ग मुख्यतः दोन. एक, नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ओएसटी (नशेऐवजी औषध देण्याच्या उपचाराची) केंद्रं; ही प्रामुख्याने सुईने नशा घेणाऱ्यांसाठी आहेत. दुसरा, सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार आणि व्यसनमुक्ती विभाग. तुमच्या जवळचं केंद्र १०९७ (नॅको) किंवा १४४४६ (राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन) वर विचारा. दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

ओएसटी केंद्रावर सुरुवातीला रोज जावं लागतं. नर्स गोळी कुटून जिभेखाली ठेवते, पाच-दहा मिनिटं समोर बसवते, मग तोंड उघडायला आणि जीभ वर करायला सांगते. पूर्ण विरघळली असेल तरच नोंद होते. टीबीची गोळी आशाताईंच्या समोर घ्यायची पद्धत होती ना, तसंच हे.

खेड्यातल्या माणसाची अडचण इथेच सुरू होते. मुरबाडला रेल्वे नाही. सकाळची एसटी धरून कल्याण गाठायचं, रांगेत थांबायचं, परतेपर्यंत दुपार. त्या दिवसाची मजुरी बुडाली. आठवड्यातून दोन दिवस गाडी चुकली की उपचार ‘अनियमित’ ठरतो आणि गावात बोललं जातं की पोरगा सुधारायलाच तयार नाही. करोनाच्या काळात केंद्रांनी काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला सुरुवात केली होती. तुमचा माणूस स्थिर झाला असेल तर घरी न्यायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांकडे आग्रहाने विचारा. घरातलं जबाबदार माणूस सोबत नेलंत तर बोलणं सोपं जातं.

५. गावात सगळे म्हणतात, माळ घाला, सुटेल. गोळीची लाज वाटते. काय करावं?

माळेवर आमचा अजिबात राग नाही. माळ घालून, वारीला जाऊन दारू कायमची सोडलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. माळकऱ्याला गाव सांभाळतं, कुणी ग्लास पुढे करत नाही, एकादशीला भजनाला बोलावतं. उपचारात आम्ही जो आधार शोधत असतो तो गावाने तयार करूनच ठेवला आहे.

अडचण होते ती अट घातल्यावर. ‘आधी गोळी सोड, मग माळ घाल’ असं कुणी ज्येष्ठ माणूस सांगतं. त्याचा हेतू चांगलाच असतो. मुलगा मान राखून गोळी एकदम बंद करतो. दोन-तीन दिवसांत अंग ठणकायला लागतं, झोप उडते, तलफ चढते आणि आठवडाभरात तो पुन्हा पुडीपाशी जातो. मग गाव म्हणतं, याने माळेचाही मान ठेवला नाही. आता मुलाच्या डोक्यावर दोन लाजा, आणि तो केंद्रावरही येत नाही, भजनालाही जात नाही. हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं आहे की कुणी विचारलं नाही तरी सांगतो: माळ घाला, गोळी चालू ठेवा. देवाच्या आड गोळी येत नाही. गावातले महाराज किंवा कीर्तनकार ऐकून घेणारे असतील तर त्यांना एकदा डॉक्टरांना भेटवा. त्यांच्या तोंडून ‘औषध घेत राहा बाळा’ एवढे चार शब्द आले, तर आमच्या दहा बैठकांनी होत नाही ते काम होतं.

अंगारा, उतारा किंवा ‘चहातून गुपचूप द्यायची पावडर’ विकणाऱ्यांना मात्र थारा देऊ नका. आत काय आहे ते कळत नाही, आणि ज्याच्या पोटात जाणार त्याला न सांगता दिलेलं औषध हा उपचार होत नाही.

६. आमच्या गावाजवळ केंद्र आलं तर गर्दुल्ले गोळा होतील. ग्रामसभेने विरोध करू नये का?

आपल्या बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद पाडली आहेत. व्यसनाविरुद्धचा तो राग आम्हाला मोलाचा वाटतो. पण दारूचं दुकान आणि औषधाचं केंद्र यांना एकाच तराजूत घालू नका. केंद्रावर येणारा माणूस आधीपासून तुमच्या आसपासच आहे. फक्त आज तो ओढ्याकाठी किंवा बंद पडलेल्या शेडमध्ये पुडी ओढतो आहे. अंतर वाढलं की उपचार सुटतो (प्रश्न ४), उपचार सुटला की चोऱ्या वाढतात. ग्रामसभेने वेळ, जागा, गर्दी, सुरक्षारक्षक यांवर अटी घालाव्यात. आमचा त्याला पाठिंबा राहील.

७. नशा करणं हा गुन्हा आहे की आजार?

कायद्याच्या नजरेत आज दोन्ही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हेरॉइन, मॉर्फिन, कोकेन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूला, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरलं आहे. उपचाराची वाट खुद्द एनडीपीएस कायद्यातही आहे. ती प्रश्न ९ मध्ये.

८. काल रात्री मुलाला उचललं. लॉक-अपमध्ये त्याला टर्की लागली आहे. आत्ता काय करू?

हे वाचत असाल तर घाईत असाल, म्हणून आधी कामाचं सांगतो.

केंद्राचं कार्ड किंवा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना शांतपणे सांगा: ‘याचा उपचार चालू आहे, औषध तुटलंय, याला सरकारी डॉक्टरांना दाखवा.’ अर्ज लेखी द्या आणि पोचवर सही-शिक्का घ्या. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी हा उपकार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये ती आहे, आणि कोठडीतल्या माणसाच्या तब्येतीची काळजी घेण्याची जबाबदारी कलम ५६ ने ताब्यात ठेवणाऱ्यावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू निकालात कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हावी असं सांगितलं आहे. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतील, तेव्हा वकिलांमार्फत किंवा मुलाने स्वतः तोंडाने उपचाराची गोष्ट सांगावी. कोर्टाने लिहिलेल्या एका ओळीला पोलीस ठाण्यात आणि तुरुंगात वजन असतं. वकील नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा.

आता टर्कीबद्दल. हेरॉइनचा शेवटचा डोस घेतल्यापासून साधारण ६ ते १२ तासांत सुरू होते. आधी जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, पाय झाडणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आणि आठवड्याभरात ओसरते. पोलिसांना ते नाटक वाटतं, कारण ताप मोजायला गेलं तर फारसा नसतो. एरवी धडधाकट माणूस त्यातून सहसा वाचतो, पण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं तर जीवावर बेततं. म्हणून निदान पाणी आणि ओआरएस आत पोचू द्या अशी विनंती करा.

गोळी मात्र स्वतः डब्यात लपवून आत पाठवू नका. पकडली गेली तर तुमच्यावरच केस होईल. शिवाय मुलाने नुकतीच पावडर ओढली असेल आणि लगेच गोळी घेतली, तर टर्की थांबण्याऐवजी एकदम उसळते. कधी द्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

९. कोर्ट तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं का?

पाठवू शकतं, आणि हे फार कमी घरांना माहीत असतं. एनडीपीएस कायद्यातली दोन कलमं लक्षात ठेवा.

कलम ६४ ए: कलम २७ चा किंवा अल्प प्रमाणाचा (किती ते प्रश्न ११ मध्ये) आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने तो घेतला, तर त्याच्यावरचा खटला टळतो. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं.

कलम ३९: दोषी ठरल्यानंतर कोर्ट त्याचं वय, वर्तन, प्रकृती बघून आणि त्याच्या संमतीने, लगेच कैद न देता बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं. उपचाराचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात कोर्टापुढे ठेवावा लागतो.

दोन्हीकडे ‘शकतं’ला महत्त्व आहे. मागितलं नाही तर आपोआप मिळत नाही. केंद्राचं हजेरीचं रेकॉर्ड, डॉक्टरांचं पत्र, नोकरी देणाऱ्याचं पत्र, असे कागद वकिलांच्या हातात असले तर मागणीला बळ येतं.

१०. वकील म्हणतात, नशा करतो असं कबूलच करू नकोस. मग उपचार मागायचा कसा?

वकिलांचंही बरोबर आहे. आरोप खोटा असेल, किंवा पुडी त्याची नसेल, तर लढण्याचा हक्क सोडू नये. कलम ३९ दोषी ठरल्यावरच लागतं, तर ६४ ए साठी ‘मी व्यसनी आहे आणि मला उपचार हवा’ असं सुरुवातीलाच सांगावं लागतं. म्हणजे निर्णय लवकर घ्यावा लागतो. मात्र लॉक-अपमध्ये किंवा तुरुंगात डॉक्टरांना तब्येत सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, ती कोणत्याही परिस्थितीत करावी. पोलिसांनी पुढे केलेल्या कागदावर टर्कीच्या अवस्थेत सही करू नये.

११. त्याच्याकडे पुड्या सापडल्या. किती ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ धरतात?

हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी ते अल्प, २५० ग्रॅमपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत शिक्षा. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि जामिनाला कलम ३७ ची अतिशय कडक अट.

इथे एक खाच आहे. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वजन करताना शुद्ध अमली पदार्थाचंच नाही, भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं धरायचं. रस्त्यावरची ब्राउन शुगर म्हणजे बहुतांश भेसळच. त्यामुळे स्वतःपुरती साठवलेली पावडरही ५ ग्रॅम सहज ओलांडते, आणि प्रश्न ९ मधल्या दोन्ही वाटा बंद होतात. आमच्या मते हा गरीब व्यसनी माणसावर अन्याय आहे, पण आज कायदा असा आहे.

१२. केस नशेची नाही, मोबाइल चोरीची आहे. तरी उपचाराचं काही होईल का?

कलम ३९ आणि ६४ ए चोरीला लागत नाहीत. तरी जामीन मागताना ‘उपचार घेईन, दर महिन्याला केंद्राचं हजेरीपत्र देईन’ अशी अट स्वतःहून पुढे करता येते. पहिलाच गुन्हा असेल आणि दोषी ठरला, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात उपचाराचा उल्लेख येईल असं बघा.

१३. तुरुंगात गोळी मिळते का? ठाणे, आधारवाडी, तळोजा?

तुरुंगात ही गोळी देणं अशक्य नाही, हे आपल्याच देशाने दाखवलं आहे. दिल्लीच्या तिहारमध्ये २००८ मध्ये हा उपचार सुरू झाला. पंजाबात २०१७ पासून सरकारने गोळीचे बाह्यरुग्ण दवाखाने उघडले आणि ते तुरुंगांतही नेले. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांत (२०१५) नियम २४ स्पष्ट सांगतो की कैद्याला बाहेरच्यासारखीच आरोग्यसेवा मिळावी, आणि व्यसनाच्या उपचारात खंड पडू नये.

पण देशातल्या बहुतेक तुरुंगांत ही सोय हक्काने मिळेल असं धरून चालू नका. आत जाताना वैद्यकीय तपासणी होते, तेव्हाच मुलाने गोळीचं नाव आणि मात्रा सांगावी. बाहेरून तुम्ही वकिलांमार्फत कोर्टात अर्ज करा, की तुरुंग अधीक्षकांना उपचार चालू ठेवण्याचे किंवा सरकारी रुग्णालयात नेण्याचे निर्देश द्यावेत. सोबत केंद्राच्या डॉक्टरांचं, तारीख आणि मात्रा लिहिलेलं पत्र जोडा. नुसतं ‘उपचार चालू आहे’ असं मोघम पत्र उपयोगी पडत नाही.

१४. तुरुंगात गोळ्या दिल्या तर तिथे त्यांचाच धंदा होईल, असं आमचे पोलीस पाटील म्हणतात.

ही भीती खोटी नाही. जिभेखालची गोळी काढून विकण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. म्हणूनच कुटून, समोर बसवून, तोंड तपासून देतात (प्रश्न ४). पण पाटलांना एक उलट विचारा: गोळी मिळाली नाही म्हणून आतली तलफ संपते का? ती तशीच राहते आणि मिळेल त्या वाटेने भागवली जाते, कधीकधी एकच सुई चौघांत फिरवून. एचआयव्ही आणि कावीळ त्या सुईतून पसरते, आणि सुटल्यावर तेच माणूस आपल्या गावात परत येतं.

१५. सात महिने आत होता, नशेशिवाय राहिला. आता सुटलाच की! पुन्हा गोळी कशाला?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आत राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र मनात शाबूत असते. बाहेर आल्यावर मित्र भेटतात, माणूस पूर्वीइतकीच पुडी ओढतो किंवा टोचतो, आणि पूर्वी जी मात्रा पचायची ती आता श्वास बंद पाडते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता. ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून तुरुंगातच औषधं द्यायला आणि सुटल्यावर बाहेरच्या केंद्राशी जोडून द्यायला सुरुवात केली. तिथे नुकत्याच सुटलेल्यांमधले ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले.

आपल्याकडे असा मुलगा गेला की ‘हार्ट अटॅक’ सांगतात. घरच्यांना ते बोलायला सोपं जातं, आणि त्यांना दोष देणार तरी कोण. पण त्यामुळे शेजारच्या घराला धोका कळत नाही.

१६. परवा सुटतोय. आम्ही नेमकं काय करायचं?

तुरुंगाच्या दारातून सरळ घरी न नेता आधी डॉक्टरांकडे न्या, शक्य असेल तर त्याच दिवशी. बरेच दिवस गोळी बंद असेल तर जुनी मात्रा स्वतःहून देऊ नका. सुरुवात कमी मात्रेने, डॉक्टरांच्या देखरेखीत. पहिले पंधरा दिवस त्याला एकटं झोपू देऊ नका आणि संडास-बाथरूमची आतली कडी काढून ठेवा. सत्कार, देवदर्शन, हळदीचं जेवण पुढच्या महिन्यावर ढकला.

ओव्हरडोसची चिन्हं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत: हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास फार संथ किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. लगेच १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, श्वास थांबत असेल तर तोंडाने श्वास द्या. दवाखान्यात ‘ब्राउन शुगर घेतली असावी’ हे डॉक्टरांना लगेच सांगा, म्हणजे नालोक्झोन हे उतारा म्हणून वापरायचं इंजेक्शन देता येईल. अब्रूसाठी लपवलेली पाच मिनिटं जीव घेतात.

१७. हे सगळं शहरी डोक्यातून आलंय. खेड्यात कुठे कुणी मान्य केलंय?

खेड्यातला विरोध आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत केंटकी, वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यांच्या ग्रामीण भागांत या नशेने घरं उद्ध्वस्त झाली, तरी तिथले कितीतरी न्यायाधीश, तुरुंगाधिकारी आणि चर्चमधली मंडळी वर्षानुवर्षं म्हणत राहिली: एक नशा सोडून दुसरी कशाला, मन घट्ट करा, देवाचं नाव घ्या. मेथाडोनसाठी तासन् तास गाडी चालवत जाणं हीही तिथली रोजची कहाणी. आपल्या मुरबाड-शहापूरची माणसं हे ऐकतात तेव्हा चकित होतात.

मेन राज्यातला अरूस्टुक हा कॅनडाच्या सीमेलगतचा ग्रामीण जिल्हा. तिथल्या एका बाईंना चोरीबद्दल ४० दिवसांची कैद होणार होती, आणि तुरुंगाने त्यांची बुप्रेनॉर्फिन चालू ठेवायला नकार दिला. २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने औषध द्यायचा आदेश दिला आणि अपिलातही तो टिकला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने लेखी मार्गदर्शन काढलं, की डॉक्टरांनी दिलेलं हे औषध तुरुंगाने सरसकट बंद करणं अपंगत्वविषयक कायद्याच्या विरोधात जातं.

१८. नशा नसलेलं औषधही असतं म्हणे. तेच का देत नाहीत?

ते नाल्ट्रेक्झोन. ते नशेची जागा अडवतं, पण स्वतः झिंग देत नाही, म्हणून कोर्टाला आणि घरच्यांना जास्त आवडतं. काहींना ते उत्तम लागू पडतं. पण सुरू करण्यापूर्वी सात ते दहा दिवस शरीर नशेपासून पूर्ण मोकळं लागतं, आणि तेवढे दिवस काढणंच बहुतेकांना जमत नाही. ते मधेच सोडलं तर प्रश्न १५ मधला धोका इथेही आहेच. निवड रुग्णाने आणि डॉक्टरांनी करावी, सासऱ्यांनी नाही.

१९. नाकाबंदीत खिशात या गोळ्या सापडल्या तर?

बुप्रेनॉर्फिन एनडीपीएस कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय जवळ असणं धोक्याचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतःच्या उपचारासाठी मर्यादित गोळ्या बाळगायला नियमांत परवानगी आहे. मूळ पाकीट फोडू नका, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स पाकिटात ठेवा, दुसऱ्या कुणाला एकही गोळी देऊ नका.

२०. कोर्टाने लघवी तपासायला सांगितली. गोळीमुळे ‘पॉझिटिव्ह’ येईल का?

मॉर्फिन-हेरॉइन शोधणाऱ्या नेहमीच्या पट्टीवर बुप्रेनॉर्फिन सहसा दिसत नाही. त्याची पट्टी वेगळी असते. मात्र कोडीनचं खोकल्याचं औषध, आणि भरपूर खसखस घातलेला पदार्थसुद्धा, त्या पट्टीवर दिसू शकतो. नमुना देण्यापूर्वी चालू औषधं लेखी सांगा. पट्टीचा निकाल मान्य नसेल तर प्रयोगशाळेतून खात्रीची तपासणी मागा.

२१. त्याला तुरुंगात टीबी झाला. दोन्ही औषधं चालतील? आणि गरोदर बाईने गोळी घ्यावी का?

चालतील, पण टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन यांचा असर कमी करतं. टीबीचा कोर्स सुरू होताच टर्की लागली तर लोक टीबीचीच गोळी सोडतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, मात्रा बदलता येते.

गरोदर बाईने गोळी अचानक बंद करू नये. टर्कीचा ताण बाळाला जास्त घातक असतो. बाळाला जन्मल्यावर काही दिवस त्रास होऊ शकतो, त्यावर उपचार आहे, म्हणून प्रसूती रुग्णालयातच करा. अशा बाया सर्वांत शेवटी आमच्यापर्यंत पोचतात, कारण ‘बाईमाणूस आणि गर्द?’ हे वाक्य त्यांना दारातच अडवतं.

२२. एका केंद्रात साखळीने बांधतात आणि मारतात असं कळलं. शिस्तीसाठी ते लागतं का?

नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कुठल्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला बंदी घातली आहे, आणि मानसिक रुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची केली आहे. भरती करण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागा. भेटू देत नसतील, फोनवर बोलू देत नसतील, तर माणूस लगेच बाहेर काढा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. कोर्टाने उपचाराला पाठवलं असेल तर केंद्र बदलण्याची परवानगी कोर्टाकडेच मागा, नाहीतर ‘उपचार सोडला’ अशी नोंद होईल.

२३. लग्न जमवताना गोळीचं सांगावं लागेल का? केंद्रावरून कुणी गावात सांगेल का?

केंद्राला सांगता येत नाही. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि मोजक्या अपवादांत कोर्टाचा आदेश येतो. सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनी तोंडी विचारलं म्हणून रजिस्टर दाखवता येत नाही. तसं झालं तर लेखी तक्रार करा, आम्हीही सोबत येऊ.

लग्नाच्या बाबतीत आमचं स्पष्ट मत आहे की मुलीला सांगावं, आणि तिच्या मामांना सांगण्याआधी तिला स्वतःला सांगावं. मुलाने सांगावं, डॉक्टरांकडे तिला सोबत न्यावं, तिचे प्रश्न तिला तिथे विचारू द्यावेत. लपवून लग्न लावलं की मुलगा पहिल्या महिन्यातच चोरून गोळी घेतो, मग एखाद्या सणाला, पाहुण्यांच्या गर्दीत, ती दोन-चार दिवस चुकते. पुढचं प्रश्न ५ आणि १५ मध्ये लिहिलंच आहे. त्याच्यावर केस चालू असेल तर तारखाही तिला सांगा, कारण हजेरीपत्र घेऊन कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कोर्टात बहुतेक वेळा तिलाच उभं राहावं लागतं.